सज्ञान व्यक्तीचे नाव बदलणे : कोर्टात केव्हा जावे आणि दावा कसा चालतो

शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधार कार्डावर दुसरे आणि पेन्शनच्या कागदांत तिसरे, अशी स्थिती आपल्या समाजातल्या बऱ्याच घरांत आहे. रोजच्या व्यवहारात ती खपून जाते. अडचण येते ती पासपोर्ट काढताना, कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज करताना किंवा वडिलांच्या घरावर वारस म्हणून नाव लावताना. काही जणांना नाव बदलायचे असते ते वेगळ्या कारणाने. कुणाला जात सांगणारे आडनाव नको असते, कुणाला लग्नाआधीचे नाव परत हवे असते, तर कुणाला सोडून गेलेल्या वडिलांऐवजी आईचे नाव लावायचे असते.

“त्यासाठी कोर्टात जावे लागते का?” हा त्यातला पहिला प्रश्न. बहुतेक वेळा नाही, पण काही नोंदींसाठी हो, असे त्याचे उत्तर आहे. कोणती नोंद, कोणत्या कार्यालयाकडे आणि त्या कार्यालयाने काय उत्तर दिले, या तीन गोष्टींवर पुढचे सगळे अवलंबून असते. त्याच क्रमाने ही माहिती दिली आहे.

आपल्या नावांचा घोळ कुठे होतो

स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव ही आपली तीन पदरी पद्धत. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिल्यामुळे ती दुसऱ्या राज्यांच्या फॉर्ममध्ये बसवावी लागते. इंदूर-ग्वाल्हेरकडे वडिलांच्या नावाचा रकाना वेगळा असल्याने मधले नाव बऱ्याचदा गळून पडते. हिंदी नोंदीत ‘ळ’ राहत नाही, त्यामुळे काळे यांचे काले होतात. बडोद्यात शाळेच्या नोंदीत आडनाव आधी येते आणि जोशींचे ‘जोषी’ही होतात. बेळगावात कन्नड नोंदीवरून इंग्रजी करताना कुलकर्णींच्या स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त येतो, आणि वडिलांचे नाव व आडनाव केवळ आद्याक्षरांत उरते. हैदराबादेत आडनाव पुढे लिहिण्याच्या रिवाजामुळे नेमके आडनाव कोणते, हेच संगणकाला कळत नाही.

याखेरीज लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेले नाव असते. सासरी सगळे त्याच नावाने हाक मारतात, रेशन कार्डावरही ते चढते. पण ते नाव आपोआप कायदेशीर होत नाही. लग्नानंतर पत्नीने पतीचे आडनाव लावलेच पाहिजे, अशी सक्ती हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये कुठेही नाही. लग्नाच्या नोंदणी दाखल्यावर आडनाव बदलून मिळणे साधारणपणे सोपे असते. पहिलेच नाव बदलले असेल तर मात्र दाखला पुरत नाही, पुढे सांगितलेली राजपत्राची वाट धरावी लागते.

आधी ठरवा : दुरुस्ती, बदल की दोन्ही नावे एकाचीच?

वकिलाकडे जाण्यापूर्वी आपले प्रकरण या तिन्हींपैकी कोणते ते ओळखावे.

१. दुरुस्ती. नाव तेच आहे, पण लिहिताना चूक झाली. ‘सुनीता’चे ‘सुनिता’ झाले, वडिलांचे नाव गळले किंवा स्पेलिंग बिघडले. जुना पुरावा दाखवून मूळ कार्यालयातच ही चूक सुधारता येते. जन्मनोंदीतील चुकीसाठी जन्म व मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ च्या कलम १५ खाली निबंधकाला तसा अधिकार आहे.

२. बदल. जुनी नोंद त्या वेळी बरोबरच होती, पण आता आपल्याला दुसरे नाव घ्यायचे आहे. यासाठी प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातील जाहिरात आणि राजपत्र हा नेहमीचा मार्ग.

३. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची. काही बदलायचे नाही, फक्त ‘अमुक ऊर्फ तमुक’ ही एकच व्यक्ती आहे हे सिद्ध करायचे आहे. बँका आणि काही कार्यालये साध्या प्रतिज्ञापत्रावर हे मान्य करतात. मालमत्ता किंवा वारसा यांचा प्रश्न असेल आणि समोरचा हरकत घेत असेल, तर कोर्टाची घोषणा लागू शकते.

दुरुस्तीचे काम ‘बदल’ म्हणून मांडले की विनाकारण मोठी प्रक्रिया गळ्यात पडते. उलट बदलाला ‘दुरुस्ती’ म्हटले की अर्ज फेटाळला जातो, आणि खोटे प्रतिज्ञापत्र केल्याचा ठपकाही येऊ शकतो.

कोर्टाशिवाय होणारा नेहमीचा मार्ग

१८ वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते. स्टॅम्प पेपरवर नोटरी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर प्रतिज्ञापत्र करावे. त्यात जुने नाव, नवे नाव, पत्ता, बदलाचे कारण आणि हा बदल कुणाला फसवण्यासाठी किंवा देणी चुकवण्यासाठी नाही, हे नमूद करावे. त्यानंतर वर्तमानपत्रांत जाहिरात द्यावी. एक स्थानिक भाषेतील आणि एक इंग्रजी दैनिक घेतलेले बरे. कात्रणे नव्हे, जाहिरातीचे संपूर्ण पान जपून ठेवावे.

शेवटी राजपत्रात प्रसिद्धी. प्रत्येक राज्याचे स्वतःचे राजपत्र असते आणि त्याची अर्जपद्धत वेगळी असते. भारत सरकारच्या राजपत्रात खासगी व्यक्तींच्या अशा सूचना भाग ४ मध्ये छापल्या जातात. ते काम दिल्लीच्या सिव्हिल लाइन्समधील प्रकाशन विभाग पाहतो. शुल्क बदलत असते, म्हणून ते विभागाच्या संकेतस्थळावर पाहूनच भरावे. सरकारी नोकरीत असणाऱ्यांनी आधी आपल्या खात्यामार्फत जावे, कारण सेवापुस्तकातील नावासाठी खात्याचे वेगळे नियम आणि वेगळा दस्त असतो.

विवाहित स्त्रीला माहेरचे नाव परत घ्यायचे असेल तर केंद्राच्या प्रकाशन विभागाने घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रत किंवा पतीचे ना-हरकत पत्र मागायला सुरुवात केली होती. या अटीला २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. त्यामुळे अर्ज करण्याच्या वेळी कोणती अट लागू आहे, हे आधी तपासावे.

मग कोर्ट कशासाठी?

राजपत्र म्हणजे जाहीर सूचना. आपण नाव बदलले हे त्याने जगाला कळते, पण जुन्या नोंदी आपोआप बदलत नाहीत. एखादे कार्यालय राजपत्र पाहूनही नकार देते, तेव्हा कोर्टाचा प्रश्न येतो. साधारणपणे पुढील प्रसंगी ही वेळ येते :

– दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रातील नाव बदलायला बोर्ड नकार देते;
– जन्मनोंदीत चूक नाही, पण नवे नाव हवे आहे आणि कायद्यात तशी तरतूद नाही असे निबंधक सांगतो;
– सेवापुस्तक, पेन्शन किंवा भविष्य निर्वाह निधीचे कार्यालय दोन नावे एकाच व्यक्तीची मानत नाही;
– मालमत्तेच्या वाटपात दुसरा वारस “हे नाव या व्यक्तीचे नाही” असे म्हणतो.

यातील पहिल्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचा ३ जून २०२१ चा ‘जिज्ञा यादव विरुद्ध सीबीएसई’ हा निकाल महत्त्वाचा आहे. स्वतःचे नाव ही व्यक्तीची ओळख असून ते संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) मधील अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग आहे, असे न्यायालयाने मानले. त्याच वेळी दुरुस्ती आणि बदल यांत फरक केला. शाळेच्या नोंदी किंवा सरकारी दस्तऐवज यांच्याशी जुळवून घेण्यासाठीची दुरुस्ती बोर्डाने करून द्यावी. आपल्या मर्जीने घेतलेल्या नव्या नावासाठी मात्र बोर्ड कोर्टाची घोषणा, राजपत्रातील प्रसिद्धी आणि जुने प्रमाणपत्र परत करणे, हे मागू शकते. नव्या प्रमाणपत्रावर सर्वसाधारणपणे जुन्या नावाचा उल्लेखही राहतो. निकाल सीबीएसईच्या नियमांवरचा असला तरी राज्य मंडळांच्या प्रकरणांतही वकील त्याचा आधार घेतात.

दावा कसा चालतो

अशा प्रकरणात बहुधा ‘घोषणेचा दावा’ दाखल होतो. विशिष्ट सहाय्य कायदा, १९६३ चे कलम ३४ त्याचा पाया आहे. आपला कायदेशीर दर्जा किंवा मालमत्तेवरचा हक्क कुणी नाकारत असेल, तर तो जाहीर करून देण्याची मागणी या कलमाखाली करता येते.

*लेखी नकार घ्या.* कलमाचा भर ‘नाकारणाऱ्यावर’ आहे. म्हणून आधी रीतसर अर्ज करावा, पोच घ्यावी आणि नकार लेखी मागावा. “खिडकीवर नाही म्हणाले” हा पुरावा होत नाही. दाव्याची मुदत हक्क पहिल्यांदा डावलला गेल्यापासून साधारण तीन वर्षे असते, त्यामुळे लेखी नकार आला की कागद कपाटात ठेवून देऊ नये.

*नोटीस.* सरकार प्रतिवादी असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. खरोखर तातडी असेल तर कोर्टाच्या परवानगीने नोटिशीशिवाय दावा लावता येतो. महापालिका किंवा बोर्ड यांच्या कायद्यातही नोटिशीची वेगळी अट असू शकते, ती वकिलाकडून तपासून घ्यावी.

*कोणते कोर्ट.* प्रतिवादीचे कार्यालय जिथे आहे किंवा नकार जिथे मिळाला, तिथल्या दिवाणी न्यायालयात दावा लागतो. मुलगी आता पुण्यात असेल आणि नोंद इंदूरच्या शाळेतली असेल, तर दावा साधारणपणे इंदूरला लागेल.

*प्रतिवादी कोण.* इथे सर्वाधिक काळजी घ्यावी. कलम ३५ नुसार घोषणा ही त्या दाव्यातल्या पक्षकारांवर आणि त्यांच्यामार्फत हक्क सांगणाऱ्यांवरच बंधनकारक असते. समजा, एका बाईंनी फक्त शाळेला प्रतिवादी केले आणि हुकूमनामा मिळवला. बोर्ड म्हणू शकते, “आम्ही त्या दाव्यात नव्हतो.” म्हणून ज्या ज्या कार्यालयात नाव बदलायचे आहे आणि जिथे अडचण आहे, त्या सर्वांना सुरुवातीलाच पक्षकार करावे.

*मागणी पूर्ण करा.* नुसते “माझे नाव अमुक आहे असे जाहीर करावे” एवढेच मागू नये. “आणि त्याप्रमाणे नोंद दुरुस्त करून नवे प्रमाणपत्र द्यावे” हा आदेशही मागावा. पुढची दाद मागता येत असून ती मागितली नाही, तर कलम ३४ खाली कोर्ट घोषणाही नाकारते.

*पुरावा.* प्रतिवादीला समन्स गेल्यावर लेखी कैफियतीसाठी ३० दिवस मिळतात, कोर्ट ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. समोरचे कुणी आलेच नाही तरी दावा आपोआप मंजूर होत नाही. वादीला प्रतिज्ञापत्रावर साक्ष द्यावी लागते आणि मूळ कागद दाखवावे लागतात. घरातील एखाद्या वडीलधाऱ्याची साक्ष उपयोगी पडते, विशेषतः दोन नावे एकाच व्यक्तीची आहेत हे सांगायला.

*भाषा.* आपल्या घरांतले जुने कागद मराठीत, कधी मोडीत, तर गोव्यात पोर्तुगीजमध्येही असतात. कोर्ट ज्या भाषेत चालते त्या भाषेत किंवा इंग्रजीत त्यांचे साक्षांकित भाषांतर करून घ्यावे. मोडी वाचणारी माणसे कमी उरली आहेत, त्यामुळे हे काम दाव्याआधीच उरकावे.

*हुकूमनामा.* निकालानंतर प्रमाणित प्रती काढाव्यात. एकच काढू नये, चार-पाच तरी असाव्यात. जिल्हा न्यायालयातील अपिलाची मुदत ३० दिवसांची असते. ती उलटेपर्यंत काही कार्यालये थांबायला सांगतात.

सरकारी कार्यालयाचा नकार उघडच बेकायदा असेल, तर वकील उच्च न्यायालयात रिट याचिकेचाही सल्ला देतात. बेळगावकरांसाठी त्याचे ठिकाण धारवाड खंडपीठ, इंदूर आणि ग्वाल्हेरला मध्य प्रदेश उच्च न्यायालयाची खंडपीठे तिथेच आहेत, गोव्यात पर्वरी, बडोद्याला अहमदाबाद, तर हैदराबादकरांना उच्च न्यायालय शहरातच आहे. तथ्यांबद्दलच वाद असेल, म्हणजे साक्षीपुराव्याची गरज असेल, तर मात्र दिवाणी दावाच योग्य ठरतो.

खर्च आणि मोफत मदत

कोर्ट फी प्रत्येक राज्याच्या कायद्याप्रमाणे वेगळी आहे. वकिलाची फी, टंकलेखन, भाषांतर आणि प्रती हाच खर्चाचा मोठा भाग असतो. तो परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे. आपल्या अनेक भगिनींना हा हक्क माहीत नसतो, आणि पैशांच्या विचाराने त्या नको असलेले नाव वागवत राहतात.

काही खास प्रसंग

*गोवा.* गोव्यासाठी ‘गोवा नाव व आडनाव बदल कायदा, १९९०’ असा स्वतंत्र कायदा आहे. त्यात जाहीर सूचना आणि हरकतींसाठी मुदत अशी पद्धत आहे. ज्यांचा जन्म गोव्यात नोंदला गेला आहे, त्यांनी इतर राज्यांची पद्धत गृहीत न धरता प्रथम आपल्या तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रार कार्यालयात चौकशी करावी.

*लिंगओळख.* तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा, २०१९ मध्ये जिल्हा दंडाधिकाऱ्याकडून ओळखीचे प्रमाणपत्र मिळवण्याची आणि त्या आधारे कागदपत्रांतील पहिले नाव बदलण्याची तरतूद आली. अशा व्यक्तीने थेट दिवाणी दाव्याकडे वळण्याआधी ही वाट पाहावी, आणि घरच्यांनी सोबत जावे.

*जात आणि आडनाव.* आडनाव बदलल्याने जात बदलत नाही. जात प्रमाणपत्र वाडवडिलांच्या नोंदींवर ठरते. उलट नवे आडनाव घेतल्यावर जुन्या नोंदींशी दुवा दाखवावा लागतो, म्हणून राजपत्र आणि हुकूमनामा त्या फाइलमध्ये जोडून ठेवावा. मुलांच्या प्रवेशाच्या वेळी ते लागतात.

*देणी आणि खटले.* नवे नाव घेतल्याने जुने कर्ज, जामीन किंवा चालू खटला संपत नाही. चालू प्रकरण असेल तर त्या कोर्टाला नावाचा बदल कळवावा.

निकालानंतरचा क्रम

आधी मूळ नोंदी, मग त्यावर उभ्या असलेल्या नोंदी, असा क्रम ठेवावा. जन्मनोंद किंवा शाळेचे प्रमाणपत्र बदलायचे असेल तर ते आधी. नंतर आधार, पॅन, मतदार यादी (फॉर्म ८), बँक, पासपोर्ट, भविष्य निर्वाह निधी, विमा आणि शेवटी मालमत्तेच्या नोंदी. आधारवर नाव बदलण्याची संधी साधारणपणे दोनदाच मिळते. त्यामुळे मधले नाव लिहायचे की नाही, स्पेलिंग कोणते, हे घरात बसून एकदा ठरवावे आणि मगच केंद्रावर जावे. नवे नाव ठरवतानाच ते मराठीत, त्या राज्याच्या भाषेत आणि इंग्रजीत कसे लिहायचे, हे एका कागदावर लिहून ठेवावे. प्रतिज्ञापत्र, जाहिरात, राजपत्र आणि दावा या चारही ठिकाणी अक्षरन्‌अक्षर तेच असले पाहिजे. एका काना-मात्रेच्या फरकाने नवा घोळ सुरू होतो.

खरेदीखत, मृत्युपत्र किंवा नामनिर्देशन पत्र करताना पुढची काही वर्षे ‘नवे नाव (पूर्वीचे नाव अमुक)’ असे लिहिलेले चांगले. त्याने वारसांचा त्रास वाचतो. जुन्या नावाचे कागद फाडू नयेत, मी तीच व्यक्ती आहे हे दाखवायला तेच उपयोगी येतात.

कागदांची यादी

वकिलाकडे जाताना पुढील कागदांच्या मूळ प्रती आणि झेरॉक्स सोबत न्याव्यात :

– जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला;
– दहावीचे प्रमाणपत्र;
– आधार, पॅन, मतदार ओळखपत्र;
– विवाह नोंदणी दाखला, किंवा घटस्फोटाचा हुकूमनामा, किंवा पतीचा मृत्युदाखला, जे लागू असेल ते;
– प्रतिज्ञापत्र, जाहिरातींची पाने, राजपत्राची प्रत;
– केलेले अर्ज, पोच आणि लेखी नकार;
– दोन्ही नावे दिसतील असा एखादा जुना कागद : रेशन कार्ड, विमा पॉलिसी, बँकेचे पासबुक.

शेवटचा कागद सहसा घरातल्या पत्र्याच्या पेटीत सापडतो. आजी-आजोबा आहेत तोवर त्यांच्यासोबत बसून तो शोधावा, आणि कुणाचे नाव कधी व का बदलले हे त्यांच्याकडून लिहून घ्यावे. कोर्टात साक्ष द्यायची वेळ आली तर ही टिपणे कामाला येतील.

वरील माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. नियम आणि शुल्क राज्याप्रमाणे बदलते, तेव्हा प्रत्यक्ष पाऊल उचलण्यापूर्वी आपल्या शहरातील वकिलाचा किंवा विधी सेवा प्राधिकरणाचा सल्ला अवश्य घ्यावा.